रुंदी सव्वादोन इंच

काणकोणच्या कोर्टात मुद्देमालाची खोली माझ्याकडे.
एक खिडकी, तीन मांडण्या, कुलूप दोन चाव्यांचं,
दुसरी चावी साहेबांच्या खणात.
आगोंदच्या भांडणातला गावठी कट्टा इथेच आहे,
कुणा भाटकाराच्या काठीत लपलेली गुप्ती,
कळ दाबली की अजून उडी मारणारा चाकू:
वकील तो दोनदा दाबून दाखवतात, एकदा पुरला असता.
या सगळ्यांचं मला काही वाटत नाही.

एक्केचाळीस नंबर ही काती.
रुझार बार्रेटो, धंदा रेंदेर, राहणार गालजीबाग.
आचारसंहितेचे दिवस, पोळ्याचा नाका,
कारवारच्या लोहाराकडून नवी घडवून आणलेली,
कदंबच्या बसमध्ये, मांडीवर, वर्तमानपत्रात.
शिपायाने पोराच्या कंपासातली पट्टी आणली म्हणे.
लांबी नऊच्या आत. रुंदी सव्वादोन.
कायद्यात दोन.
पाव इंचावर केस उभी राहिली.

तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड,
वकिलाने कोंकणीत समजावलं तेव्हा
तो म्हणाला, माड तीन वर्षं थांबत नाही.
पोय रोज तासावी लागते, कागदाइतकी पातळ,
चार दिवस चुकले की माड विसरतो.
हे कुणी लिहून घेतलं नाही.

शेतीच्या अवजाराला सूट आहे,
तीही त्याच कायद्यात, जरा खाली, बारीक अक्षरात.
पण सूट मागायलासुद्धा तारीख लागते.

प्रत्येक तारखेला तो माझ्या जाळीपाशी यायचा.
कमरेला मागे तो लाकडी आकडा, रिकामा.
सुटेल का, किती खर्च येईल, असलं काही विचारलं नाही.
"तिका तेल लाय गो बाये."
मी म्हणायचे, मुद्देमालाला हात लावता येत नाही.
तो मान हलवायचा, जसं मी आजारी असल्याचं सांगितलंय.

दुसऱ्या पावसाळ्यात चिठ्ठीच्या दोऱ्याखाली
तांबूस ठिपके दिसले.
एका शनिवारी मी घरून खोबरेल आणलं,
कॉफीच्या बाटलीत, तळाशी बोटभर.
याची नोंद रजिस्टरात नाही.
इथे आहे.

त्या रात्री आमची आडोळी मोजली. पातं अडीच इंच.
सासूबाई म्हणाल्या, मासळी कापायची आहे, सरक.

शेवटी साहेबांनी त्यालाच विचारलं, एवढी रुंद कशाला?
तो म्हणाला, पाजवून पाजवून झिजते, सायबा,
नवी रुंदच घ्यायची असते.
माझ्या पायची शेवटी बोटाएवढी उरली होती.
नाताळापर्यंत थांबून धरली असती
तर दोनच्या आत आली असती.
कोर्ट हसलं. साहेबही.
मग बराच वेळ टंकलेखक वाट बघत बसली.

निर्दोष. चार वर्षं, दोन महिने.
तोवर त्याचे सात माड एका रिसॉर्टच्या कुंपणात गेले होते
आणि त्यांच्यावर दिव्यांच्या माळा चढल्या होत्या.

काती घ्यायला आला, अंगठा लावला,
तोच अंगठा धारेवरून फिरवला. काही झालं नाही.
"बसमध्ये परत धरली तर?"
निकालाची नक्कल गुरुवारी मिळेल, मी सांगितलं.
आज मंगळवार.
असा फॉर्म नसतो. मी कोरा कागद घेतला, लिहिलं:
ही काती आहे. माड तासायची.
खाली सही केली. शिक्का मारायचा अधिकार मला नाही.

त्याने कागद वाचून घेतला माझ्याकडून, दोनदा,
घडी करून खिशात ठेवला,
हात मागे नेऊन, न बघता, काती आकड्यात अडकवली
आणि पायऱ्या उतरला.

फाटकावरचा शिपाई उठून उभा राहिला.